केबिनमधली खेळती हवा

मराठीत ‘बोट लागणे’ असा एक वाक्प्रचार आहे. डोकं जड होतं, गरगरतं, पोटात ढवळतं, उलटी येते, अंगात त्राण राहत नाही. मग जवळचा माणूस म्हणतो, ‘काही नाही, बोट लागली. जरा आत जाऊन आडवा हो.’ सल्ला मायेचाच असतो, आणि बहुतेक वेळा बरोबरही असतो. पण कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची सुरुवातीची लक्षणं अगदी हीच आहेत. त्या वेळी माणसाला ‘आत’ पाठवणं म्हणजे जिथे वायू साठला आहे तिथेच त्याला झोपवणं.

आपल्या मराठी साहित्य मंडळाच्या अंकात कथा, कविता, पुस्तकांवरचे लेख असतात. मी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून संपादक मंडळाने मला ‘विज्ञानातलं काहीतरी लिही’ असं सांगितलं. विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. माझे मामा ट्रॉलरवर तांडेल आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या घरात कोणीतरी ट्रॉलरवर आहे, कोणी होडी चालवतो, कोणी परदेशी जहाजावर आहे, कोणी पर्यटकांना नदीत फिरवून आणतो. या सगळ्यांना भरती-ओहोटी कळते, वारा कळतो, ढग बघून पाऊस कळतो. हा वायू मात्र अनुभवाने कळत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि तो डोळ्यांना झोंबतही नाही. म्हणून तो पुस्तकातून समजून घ्यावा लागतो.

वायू तयार कसा होतो?

लाकूड, कोळसा, डिझेल, पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस या सगळ्यांत कार्बन असतो. जळताना पुरेसा ऑक्सिजन मिळाला तर कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. ऑक्सिजन कमी पडला, ज्योत थंड झाली, बर्नर घाण असला, इंजिनचा एअर फिल्टर चोंदला, की जळण अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. म्हणजे जिथे काहीही जळतं तिथे तो थोडाफार असतोच. प्रश्न असतो तो किती आहे आणि जातो कुठे, हा.

साध्या पेट्रोल इंजिनाच्या धुरात तो काही टक्के असू शकतो. एक टक्का म्हणजे दहा लाख भागांत १०,००० भाग, ज्याला आपण प्रयोगशाळेत १०,००० पीपीएम म्हणतो. डिझेल इंजिनात हवा भरपूर घेतली जाते, त्यामुळे हा वायू बराच कमी बनतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. झिजलेलं, जास्त भार ओढणारं किंवा हवा कमी मिळणारं डिझेल इंजिनही तो तयार करतं. आणि निखाऱ्यांबद्दल तर मोठा गैरसमज आहे. धगधगत्या निखाऱ्यांतून धूर येत नाही, म्हणून ते निर्धोक वाटतात. पण बंद जागेत सगळ्यात वाईट तेच.

शरीरात हा वायू काय करतो? रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसांतून ऑक्सिजन उचलतं आणि सगळीकडे पोहोचवतं. कार्बन मोनॉक्साइडची हिमोग्लोबिनवरची पकड ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट असते. तो एकदा जागा धरून बसला की लवकर हलत नाही. साध्या मोकळ्या हवेत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला चार ते सहा तास लागतात. रुग्णालयात मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण एक ते दीड तास. म्हणून प्रमाण थोडं असलं तरी रात्रभर हा वायू श्वासातून जात राहिला, की रक्तात त्याची भर पडत राहते.

दोन ग्रॅम कोळशाचं गणित

एक छोटं गणित करून बघू. ते केल्यावर मी स्वतःच थोडा वेळ वहीकडे बघत बसले होते.

एक केबिन धरू : अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर उंच. तिच्यात १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर हवा मावते. तिथे कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण ४०० पीपीएम व्हायला किती वायू लागेल? फक्त चार लिटर. दोन लिटरच्या दोन बाटल्यांत मावेल इतका. आणि चार लिटर कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला किती कार्बन अर्धवट जळावा लागेल? सुमारे दोन ग्रॅम. कोळशाचा चिमुकला तुकडा.

४०० पीपीएम हवेत एक-दोन तासांत कपाळ ठणकू लागतं, आणि तीन तासांनंतर जिवाला धोका निर्माण होतो. प्रमाण १,६०० पीपीएमवर गेलं तर वीस मिनिटांत डोकेदुखी आणि चक्कर, आणि तासाभरात मृत्यू येऊ शकतो.

आता तेच चार लिटर आपल्या वर्गात सोडा. वर्ग आठ मीटर लांब, सात मीटर रुंद, तीन मीटर उंच धरला, तर प्रमाण होतं साधारण २४ पीपीएम, तेही दारं-खिडक्या बंद असताना. वायू तेवढाच, पण खोलीचं आकारमान वेगळं. घरातल्या स्वयंपाकघरात जी शेगडी वर्षानुवर्षं चालते, तीच बोटीच्या केबिनमध्ये धोकादायक का ठरते, याचं उत्तर या गणितात आहे.

पाणी आत येऊ नये म्हणून

बोट बांधणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे पाणी बाहेर ठेवणं. प्रत्येक फट भरायची, प्रत्येक झाकण घट्ट बसवायचं. पण ज्या फटीतून पाणी आत येत नाही त्या फटीतून वायूही बाहेर जात नाही. घराला कौलांच्या फटी असतात, दाराखाली जागा असते. घर नकळत श्वास घेत असतं. बोटीला तो श्वास मुद्दाम द्यावा लागतो.

त्यातून एकाच छोट्या सांगाड्यात इंजिन, इंधन, बॅटरी, शेगडी आणि झोपणारी माणसं असतात. इंजिनखोली आणि केबिन यांच्यामध्ये एक पातळ भिंत, आणि त्या भिंतीला वायर आणि पाइप नेण्यासाठी पाडलेली भोकं.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर तळाशी साठतो. कार्बन मोनॉक्साइडचं वजन हवेच्या जवळजवळ बरोबरीचं असतं. तो ना तळाशी बसतो, ना फक्त छताशी जातो, सगळीकडे मिसळतो. म्हणून ‘मी खाली झोपतो, मला काही होणार नाही’ किंवा ‘मी वरच्या फळीवर झोपतो’ या बोलण्याला काही अर्थ नाही.

चार घटना

खालच्या घटना ब्रिटन आणि अमेरिकेतल्या आहेत. तिथे अशा मृत्यूंनंतर सविस्तर तपास होऊन अहवाल सर्वांसाठी खुले केले गेले, म्हणून नेमकं काय बिघडलं ते आपल्याला वाचता येतं.

पहिली घटना इंग्लंडच्या विंडरमियर तलावातली, एप्रिल २०१३ मधली. एका मोटरबोटीवर आई आणि तिची दहा वर्षांची मुलगी यांचा मृत्यू झाला. बोटीच्या इंजिनाच्या जागेत एक सुटा पेट्रोल जनरेटर बसवला होता आणि त्याच्या धुरासाठी घरच्या घरी सायलेन्सर आणि पाइप जोडला होता. तो जोड सुटला. वायू आधी इंजिनाच्या जागेत भरला आणि मग भिंतीतल्या फटींमधून केबिनमध्ये आला.

दुसरी घटना आपल्या जास्त जवळची, कारण ती मासेमारीच्या बोटीवरची आहे. जानेवारी २०१४ मध्ये इंग्लंडच्या व्हिटबी बंदरात ‘एश्कॉल’ नावाच्या बोटीवर दोन मच्छीमार झोपेतच गेले. कडाक्याची थंडी होती, म्हणून ऊब मिळावी यासाठी गॅसच्या शेगडीचा ग्रिल पेटता ठेवला होता. बोट समुद्रात नव्हती, वादळ नव्हतं. ती धक्क्याला बांधलेली होती.

तिसरी घटना जून २०१६ मधली. इंग्लंडच्या नॉर्फोक भागातल्या रॉक्सम इथे ‘लव्ह फॉर लिडिया’ या बोटीवर दोन माणसं आणि त्यांचा कुत्रा मरण पावले. बांधलेल्या बोटीचं पेट्रोल इंजिन बॅटरी चार्ज करण्यासाठी चालू ठेवलं होतं. इंजिनाचा धूर बाहेर जात होता, असंच कोणालाही वाटलं असतं. पण तो माणसं होती तिथे साठत गेला.

चौथी घटना डिसेंबर २०१९ मधली, इंग्लंडच्याच यॉर्क शहरातली. ‘डायव्हर्जन’ या बोटीवर दोन पुरुषांचा मृत्यू झाला. तिथे पेट्रोल नव्हतं; केबिन गरम ठेवणारा हीटर डिझेलवर चालणारा होता. त्याचा धुराचा पाइप निसटला होता.

यांच्या आधीची, अमेरिकेतली एक गोष्ट वेगळ्या कारणासाठी सांगते. युटा आणि ॲरिझोना राज्यांच्या सीमेवर लेक पॉवेल नावाचा मोठा जलाशय आहे. तिथल्या हाउसबोटींना मागच्या बाजूला पोहणाऱ्यांसाठी फळी असते, आणि जनरेटरचा धूर त्या फळीखाली सोडलेला असे. ऑगस्ट २००० मध्ये ८ आणि ११ वर्षांचे दोन भाऊ त्या फळीखालच्या पोकळीत पोहायला गेले आणि मरण पावले. त्यानंतर तज्ज्ञांनी तिथली हवा मोजली तेव्हा प्रमाण हजारो पीपीएम निघालं. म्हणजे मुलं केबिनमध्ये नव्हती, उघड्या पाण्यात होती. तरीही ती जागा वायूच्या दृष्टीने बंद होती. या तपासानंतर हाउसबोटींवर जनरेटरचा धूर उंच उभ्या पाइपने छताच्याही वर सोडण्याचा उपाय पुढे आला.

या सगळ्या घटनांत अवजड यंत्रणा बिघडलेली नाही. एक जोड सुटला, एक शेगडी चालू राहिली, एक इंजिन उभ्याउभ्या चाललं. आणि ब्रिटनमधल्या चारही घटनांत बोटी कुठेतरी बांधून ठेवलेल्या होत्या. ही गोष्ट आपल्याकडे विशेष महत्त्वाची. मालीम, कुटबण, बेतूल, शापोरा, खारीवाडा यांसारख्या धक्क्यांवर ट्रॉलर एकमेकांना खेटून रांगेत उभे असतात, आणि परप्रांतातून आलेले अनेक खलाशी धक्क्यावरही बोटीतच राहतात, रांधतात, झोपतात. शेजारच्या बोटीचं इंजिन चालू असेल तर तिचा धूर आपल्या केबिनच्या खिडकीतून आत येऊ शकतो. अमेरिकेचं तटरक्षक दल सांगतं की इंजिन किंवा जनरेटर चालू असलेल्या बोटीपासून निदान २० फूट अंतर ठेवावं. आपल्या धक्क्यांवर तेवढी जागा मिळणं कठीण आहे. पण शेजारचं इंजिन चालू असताना त्या बाजूची खिडकी लावून दुसऱ्या बाजूची उघडणं, आणि तेवढा वेळ आत न झोपणं, एवढं तर जमतं.

धूर मागे वळतो

‘बोट चालू असली की धूर मागे राहतो, आपण पुढे जातो’ असं आपण धरून चालतो. पण उन्हाळ्यात तांबड्या मातीच्या रस्त्यावरून मागचं दार उघडं टाकलेल्या टेम्पोत बसून बघा. गाडी पुढे पळते, तरी धूळ मागच्या दाराने आत येते आणि केस लाल होतात. कारण पुढे सरकणाऱ्या कुठल्याही पेटीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि मागची हवा त्या पोकळीत ओढली जाते.

बोटीचंही तसंच. मागे ताडपत्री अर्धवट सोडलेली आहे, पुढचा भाग बंद आहे, धुराचा पाइप मागे आहे : अशा वेळी धूर वळून आत येतो. बोट हळू चालत असेल आणि वारा पाठीमागून असेल, तर आणखीनच. माल मागे जास्त भरून पुढचा भाग वर उचलला गेला असेल, तरी तेच होतं. उपाय एकच : पुढूनही हवा आत येऊ द्या, म्हणजे ती मागून बाहेर पडेल. नाहीतर दिशा किंवा वेग बदला.

इथे मला या लेखातलं मुख्य सांगायचं आहे. उघडी खिडकी म्हणजे खेळती हवा नव्हे. ‘खेळती’ हा आपल्या भाषेतला शब्द अतिशय अचूक आहे. खेळायला दोघं लागतात. खेळत्या हवेलाही दोन वाटा लागतात, एक आत येण्याची आणि एक बाहेर जाण्याची. एकच वाट असेल तर हवा दारात थबकते. आणि येण्याची वाट धुराच्या बाजूला असेल, तर ती उघडी खिडकीच वायू आत आणते.

मग करायचं काय?

मे महिन्याच्या सुट्टीत मी मामांच्या ट्रॉलरवर जाऊन वही घेऊन बसले. आम्ही बोलतो कोकणीत. इथे मराठीत लिहिते. मी विचारलं, “मामा, केबिनमध्ये हवा कुठून येते?” त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. “आणि जाते कुठून?” ते थोडं थांबले. मग म्हणाले, “गे, हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता.” नंतर आम्ही दोघांनी मिळून बोट बघितली. त्यातून आणि वाचनातून जे कळलं ते क्रमाने देते.

पहिली गोष्ट, वायू आत येऊच द्यायचा नाही. धुराच्या पाइपचे जोड, गास्केट, क्लॅम्प बघायचे. जोडाजवळ काजळीची काळी रेघ दिसली तर तिथून गळती आहे. खारट हवेत पाइप आतून कुजतो आणि बाहेरून रंग लावलेला चांगला दिसतो, म्हणून ठोकून बघायचा. इंजिनखोली आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीतली वायर-पाइपची भोकं उष्णता सहन करणाऱ्या भरणीने बंद करायची. मामांच्या बोटीत अंगठा जाईल एवढी तीन भोकं निघाली, आणि तिथेच खलाशांच्या झोपण्याची फळी होती. त्याच दिवशी ती बुजवली. धुराच्या पाइपचं तोंड खिडक्यांपासून लांब, शक्यतो छताच्या वर असावं. सुटा पेट्रोल जनरेटर केबिनमध्ये, डेकखाली किंवा ताडपत्रीच्या आडोशाला कधीच चालवायचा नाही, ‘पाच मिनिटं’ म्हणूनसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट, इंजिनाला स्वतःची हवा द्यायची. इंजिन भरपूर हवा ओढतं. इंजिनखोलीला बाहेरून हवा यायला वाट नसेल, तर ते केबिनमधली हवा ओढतं आणि अर्धवट जाळतं. इंजिनखोलीचे झरोके जाळी, पोती, दोरखंड ठेवून झाकले जाणार नाहीत हे बघायचं. पेट्रोल इंजिनाच्या बोटींवर इंजिन सुरू करण्याआधी काही मिनिटं ब्लोअर चालवतात. तो पेट्रोलची वाफ काढण्यासाठी असतो. त्याने कार्बन मोनॉक्साइडचं काम भागतं असं मानू नये.

तिसरी गोष्ट, केबिनला दोन कायमच्या वाटा द्यायच्या. एक खाली, एक वर, आणि शक्यतो समोरासमोरच्या भिंतींत. गरम हवा वरच्या वाटेने निघून जाते, तिची जागा घ्यायला खालून ताजी हवा येते. ‘कायमच्या’ म्हणजे बंद करताच येणार नाहीत अशा. बंद करता येणारी खिडकी या हिशोबात धरायची नाही, कारण नेमक्या पावसात आणि थंडीत आपण ती लावतो, आणि नेमकं तेव्हाच आत शेगडी पेटलेली असते. पाणी आत येईल ही भीती खरी आहे. त्यासाठी छत्रीच्या मुठीसारखा वळवलेला, तोंड खाली असलेला पाइप वापरतात. त्यातून हवा जाते, पाऊस येत नाही. जाळी बसवली असेल तर ती मीठ, खवले आणि रंग यांनी बुजते, म्हणून ती घासत राहायची. झरोक्यात कोंबलेलं फडकं किंवा प्लास्टिकची पिशवी दिसली की काढायची.

चौथी गोष्ट, शेगडी. ती फक्त रांधायला. कपडे वाळवायला नाही, ऊब घ्यायला नाही. ज्योत निळी हवी. पिवळी, लवलवती ज्योत आणि भांड्यांच्या बुडाला काजळी म्हणजे जळण नीट होत नाही. झोपण्याआधी शेगडी आणि सिलिंडर दोन्ही बंद. निखाऱ्यांचं घमेलं केबिनमध्ये आणायचं नाही, विझल्यासारखं दिसत असलं तरी नाही.

पाचवी गोष्ट, पंख्यावर भरवसा नको. साधा पंखा आतली हवा आतच ढवळतो. एसीही बहुतेक तीच हवा फिरवतो. बाहेर हवा फेकणारा पंखा उपयोगी, पण ताजी हवा यायला वाट ठेवली नसेल तर तो उलट इंजिनखोलीतल्या फटींतून वायू केबिनमध्ये ओढून घेतो. मदत करणारं यंत्रच असं उलटतं, म्हणून आधी वाट, मग पंखा.

हवा कुठून कुठे जाते हे बघायला उपकरण लागत नाही. कापसाचा एक लांब धागा घ्या. इंजिन चालू असताना तो झरोक्यापाशी, खिडकीपाशी, भिंतीतल्या फटीपाशी धरा. धागा ज्या बाजूला झुकतो, हवा त्या बाजूला जाते. फटीपाशी तो केबिनच्या बाजूला झुकला, तर ती फट आधी बुजवा. उदबत्तीचा धूर जास्त स्पष्ट दिसला असता, पण जिथे इंधनाची वाफ असू शकते तिथे ठिणगी नको.

पक्ष्याऐवजी अलार्म

कोळशाच्या खाणींत एकेकाळी पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी नेत असत. या वायूचा परिणाम छोट्या प्राण्यांवर माणसाआधी दिसतो, म्हणून खाणीत असे प्राणी जवळ ठेवावेत असं जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुचवलं होतं. त्यांचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन, लहानपणी वडिलांबरोबर खाणीत उतरलेला, पुढे मोठा जीवशास्त्रज्ञ झाला. १९५७ मध्ये तो भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.

आज पक्ष्याचं काम बॅटरीवर चालणारा छोटा अलार्म करतो. बोटींसाठीच्या युरोपीय मानकाप्रमाणे बनलेला अलार्म ५० पीपीएमला तास-दीड तासाने, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत वाजतो. ब्रिटनमध्ये आतल्या जलमार्गांवरच्या, राहण्याची सोय असलेल्या बोटींवर तो १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचा आहे. घेताना पाकीट नीट वाचावं : गॅसगळतीचा अलार्म वेगळा आणि हा वेगळा. गॅसगळतीचा खाली बसवतात. हा झोपण्याच्या जागेजवळ, उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवर. त्याच्यावर मुदत छापलेली असते. ती उलटली की तो भिंतीवरची शोभा उरतो. आणि कितीही चांगला असला तरी तो फक्त ओरडतो. वायू बाहेर काढण्याचं काम झरोक्यांचंच.

ओळखायचं कसं, आणि मग?

बोट लागलेला माणूस आणि वायू लागलेला माणूस वेगळे ओळखायला काही खुणा आहेत. समुद्र शांत असताना, बोट बांधलेली असताना मळमळ सुरू झाली. एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं. वर्षानुवर्षं समुद्रात असलेल्याला अचानक बोट लागली. डेकवर आल्यावर बरं वाटलं आणि आत गेल्यावर पुन्हा सुरू झालं. यांपैकी काहीही दिसलं तर आधी वायूचा संशय घ्यायचा. दारू प्यायलेल्या माणसाबाबत तर जास्तच, कारण त्याचं बडबडणं आणि झोकांड्या सगळे दारूवर ढकलतात.

आणखी एक सावधगिरी. करोनानंतर घराघरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. तो या विषबाधेत फसवतो. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटला आहे की कार्बन मोनॉक्साइड, हा फरक साध्या ऑक्सिमीटरला कळत नाही. तो ९८ दाखवेल आणि माणूस बेशुद्ध होत असेल.

संशय आला तर सगळ्यांना मोकळ्या हवेत आणायचं, झोपलेल्यांना हलवून उठवायचं, इंजिन आणि शेगडी बंद करायची. कोणी आत बेशुद्ध पडला असेल तर सगळ्यांनी एकदम आत धावायचं नाही; दारं-झाकणं उघडून, बाहेर एकाला थांबवून, दम धरून जाऊन ओढून आणायचं. श्वास बंद असेल तर सीपीआर. धक्क्यावर असाल तर १०८. समुद्रात असाल तर व्हीएचएफ चॅनेल १६ किंवा तटरक्षक दलाचा १५५४. डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की बंद केबिनमध्ये इंजिन किंवा शेगडी चालू होती. हे एक वाक्य सांगितलं नाही तर उपचार ‘उलट्या आणि अशक्तपणा’ यांवर सुरू होतात, आणि ऑक्सिजन उशिरा मिळतो. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचं.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. याच दोन महिन्यांत बोटी रंगवल्या जातात, इंजिनं उघडली जातात, फळ्या बदलल्या जातात. पाइपचा जोड बघायला आणि भिंतीला झरोका पाडायला यापेक्षा चांगली वेळ नाही. हा अंक मोबाइलवर येतो, पण ज्यांच्यासाठी मी हे लिहिलं ते बहुतेक तो उघडणार नाहीत. तेव्हा वाचणाऱ्याने एवढं करावं : घरी जो बोटीवर जातो त्याला तीन प्रश्न विचारावेत. तुमच्या केबिनमध्ये हवा कुठून येते? कुठून जाते? आणि रात्री त्या वाटेत कोणी काही कोंबतं का? उत्तर लगेच आलं नाही, तर कापसाचा धागा घेऊन एकदा त्यांच्याबरोबर बोटीवर जा.